चांदीचा हात आणि मातीचा कान

ओनेटॉर द्राक्षारसात जवाच्या भाकरीचा तुकडा बुडवत होता, एवढ्यात दार धाडकन उघडलं आणि मॉस्कस आत आला. म्हणजे, दारात जेवढा मावला तेवढा आला. एके काळी तो कुस्तीतला नावाजलेला मल्ल होता. आता आमच्या करिंथच्या आखाड्यात पोरांना डाव शिकवायचा.

“ऊठ! सिमॉसला मारणार आहेत.”

“आधी बस. कोण सिमॉस?”

“कोण सिमॉस काय विचारतोस? आरोग्यदेवाच्या देवळातला सिमॉस! झाडतो तोच, दिवे लावतो तोच, आजाऱ्यांच्या जखमा धुतो तोच. थ्रासॉनने देवाला वाहिलेला चांदीचा हात चोरला म्हणून काल त्याला धरलंय. पौर्णिमेला सभा बसणार आणि उभ्या उभ्या कड्यावरून लोटणार.”

ओनेटॉरने भाकरी खाली ठेवली. देवळातल्या चोरीला आमच्याकडे दुसरी शिक्षाच नाही. वर त्या माणसाचं प्रेत हद्दीबाहेर फेकतात. त्याला मूठभर मातीसुद्धा मिळत नाही.

“तुझा त्याच्याशी काय संबंध?”

मॉस्कसने अंगरखा खांद्यावरून बाजूला केला. खांद्यावर वीतभर जुना व्रण होता.

“हा खांदा सडला होता. वास यायचा. माझी सख्खी माणसं नाकाला पदर लावून बसायची. सिमॉस रोज हे धुवायचा आणि धुताना मला घाणेरडे विनोद सांगायचा, मी ओरडू नये म्हणून. देवाने बरं केलं म्हणतात. केलंच असेल. पण देवाचे हात म्हणजे सिमॉसचे हात होते, गड्या. तो माणूस चोर असेल, तर मी नर्तकी आहे.”

ओनेटॉरने त्याच्याकडे नखशिखान्त बघितलं. “मग चोर नसावा,” तो म्हणाला आणि उठला.

ओनेटॉरचा धंदा भाषणं लिहायचा. सभेपुढे ज्याला स्वतःची बाजू मांडायची असेल, त्याला तो भाषण लिहून द्यायचा आणि ते पाठ करून घ्यायचा. पण त्याला एक वाईट खोड होती. लिहिण्याआधी खरं काय घडलं ते तो शोधून काढायचा. त्यामुळे त्याची निम्मी गिऱ्हाइकं पळून जायची.

“तुला काय देऊ?” रस्त्यात मॉस्कसने विचारलं. “माझ्याकडे अंजिराचं झाड आहे फक्त.”

“अंजिरं चालतील. आधी माणूस वाचू दे.”

सिमॉसला बाजारामागच्या धान्याच्या कोठारात डांबलं होतं. साठीचा, नकटा, बारीक माणूस. एके काळचा गुलाम, धन्याने मरताना मोकळा केलेला. मॉस्कसला बघून त्याला एवढा आनंद झाला, की जणू मॉस्कसच संकटात आहे आणि तो त्याला भेटायला आलाय.

“खांदा कसा आहे? तेल लावतोस ना?”

“खांद्याला आग लाव!” मॉस्कस म्हणाला. “हे ओनेटॉर. यांना सगळं सांग.”

“सिमॉस, तो हात तू शेवटचा कधी पाहिलास?” ओनेटॉरने विचारलं.

“काल सकाळी, मालक. देऊळ उघडलं आणि लोकरीच्या फडक्याने पुसला. थ्रासॉनशेठ येणार होते ना नवी माळ घालायला. खुंटीवर छान चमकत होता.”

“नक्की सकाळी? आदल्या संध्याकाळी नव्हे?”

“सकाळीच. सगळे मला तेच म्हणतात, रात्रीच गेला असेल म्हण, म्हणजे तुझ्यावर जरा कमी येईल. पण मी सकाळी पुसला तो पुसला. देवाच्या दारात खोटं कसं बोलू?”

मॉस्कसने कपाळावर हात मारला. ओनेटॉर मात्र पुढे सरकला.

“मग काय झालं?”

“मग ल्यूकॉन ओरडत आला. म्हातारा पिथिऑन आहे ना, छातीच्या दुखण्याने आलेला, त्याचा पुतण्या. ‘काका चालला, काका चालला!’ मी दार तसंच टाकलं आणि पुजारीबुवांना बोलवायला धावलो. देवाच्या आवारात कुणी मरता कामा नये, माहीतच आहे तुम्हाला.” सिमॉसचा चेहरा उतरला. “मला त्याचंच जास्त लागलं, मालक. आदल्या संध्याकाळी म्हाताऱ्याने मसुराचं कालवण दोन वाट्या ओरपलं होतं. वर मला म्हणाला, ‘मीठ काय तुझ्या बापाने समुद्रातून काढायचं राहिलंय?’ मला वाटलं, आता हा बरा झाला. आणि सकाळी चालला. माणसाचा काही भरवसा नाही.”

“थ्रासॉन कधी आला?”

“त्याच गडबडीत. माळ घेऊन आत गेले आणि बोंब मारतच बाहेर आले.”

निघताना सिमॉसने मॉस्कसचा हात धरला. “माझं जे व्हायचं ते होवो. पण तिथल्या त्या पाय भाजलेल्या पोरीचं फडकं कुणी बदललं का, तेवढं बघ.”



आरोग्यदेवाचं आवार शहराच्या उत्तर तटाला लागून आहे. दाराशी पवित्र पाण्याचं दगडी पात्र आहे. आत जाणारा त्यात बोटं बुडवतो, अंगावर शिंपडतो आणि मग उंबरा ओलांडतो. ओनेटॉरने पाणी शिंपडलं आणि मागे वळून बघितलं. मॉस्कस पात्रापासून चांगला दहा हात लांब, दगडी बाकावर बसकण मारून होता.

“येतोस ना?”

“कसा येऊ? परवा माझे वस्ताद वारले. मीच त्यांना आंघोळ घातली, मीच खांदा दिला. सुतक फिटल्याशिवाय मला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नाही. तू जा. मी इथे बसून चिडतो.”

ओनेटॉर एकटाच आत गेला. देवळाच्या भिंती मातीच्या अवयवांनी भरल्या होत्या. बरे झालेल्यांनी देवाला आणून वाहिलेले पाय, हात, छात्या, डोळे. कुंभारवाड्यातून आणलेले, भडक रंगवलेले, एकाला एक खेटून टांगलेले. त्या गर्दीत मधोमध एक खुंटी रिकामी होती. खाली थ्रासॉन उभा होता. जहाजांचा मालक, सोन्याची अंगठी, दणदणीत आवाज.

“माझ्या मनगटापासूनच्या मापाचा होता!” त्याने उजवा हात नाचवला. “भरीव! दोरखंडात बोटं चिरडली होती माझी. वैद्य म्हणाले, कापा. इथे येऊन रात्री देवापाशी झोपलो, देवाने स्वप्नात येऊन बरं केलं, आणि हा बघा हात. करिंथमध्ये कुणी एवढं मोठं दान दिलंय? आणि त्या नकट्याने ते लांबवलं!”

“बोटं कुणी धुतली तुझी?”

“म्हणजे?”

“काही नाही. तू आलास तेव्हा तुझ्या हातात फक्त माळ होती?”

“ही काय विचारायची रीत झाली? मीच पहिल्यांदा म्हणालो, माझीही झडती घ्या!”

पुजारीबुवा मध्ये पडले. उंच, गंभीर, सतत घाईत असलेला माणूस. “खरं आहे. मी तात्काळ दारं लावली. कालच्या महापूजेचा यज्ञ तोंडावर आलेला. एकेकाची झडती घेतली, माझीसुद्धा. खाटा उचलल्या, राख उकरली, देवाच्या सापांच्या बिळांपर्यंत बघितलं. काही नाही.”

“झडती न देता कुणीच बाहेर गेलं नाही?”

पुजारीबुवा घुटमळले. “दोघंच. एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या, आणि तो मरणारा म्हातारा. आवारात जन्मही नको आणि मरणही नको. तसं काही आत झालं असतं, तर आम्हालाच विटाळ, आणि मग यज्ञ कुणी करायचा? त्यांना उचलून नेणाऱ्यांची झडती घेतली, पण त्या दोघांना हात कोण लावणार? मीच ओरडलो, आधी यांना बाहेर काढा!”

“तेच तर!” थ्रासॉन म्हणाला. “त्या बाईच्या पोटावर काय बांधलं होतं कुणाला ठाऊक! नकट्याने तिच्याकडे दिला असेल.”

ओनेटॉर बाहेर आला, तेव्हा मॉस्कसशेजारी एक तिशीचा तरुण उभा होता. डोक्यावर ताज्या पानांचा मुकुट, काखेत पाय बांधलेला कोंबडा. मॉस्कसच्या डोळ्यांना धार लागली होती.

“हा ल्यूकॉन,” तो नाक पुसत म्हणाला. “ऐक बिचाऱ्याचं.”

“माझ्या काकांनी मला लहानाचं मोठं केलं,” ल्यूकॉन म्हणाला. “इथून बाहेर काढलं, आणि त्या सुरूच्या झाडापर्यंत जेमतेम पोचलो. तिथे खाली ठेवलं. माझ्या मांडीवर डोकं ठेवूनच गेले. या हातांनी मी त्यांचे डोळे मिटले. गावी नेऊन कालच अग्नी दिला.”

“आणि आज पुन्हा इथे?”

“काकांनी कोंबडा बोलला होता देवाला. मेलेल्या माणसाचा नवस अपुरा राहू नये.”

त्याने पात्रात बोटं बुडवली, डोक्यावर पाणी शिंपडलं आणि मान खाली घालून आत गेला.

“काय गुणी माणूस!” मॉस्कस म्हणाला. “आणि आपल्याकडे पोरं बापाला विचारत नाहीत.”

ओनेटॉर त्या पात्रातल्या हलणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला. “चल,” तो म्हणाला, “आता त्या बाईच्या पोटावर काय होतं ते बघू.”

पोटावर काय होतं ते गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू येत होतं. दाराला विटाळावर उतारा म्हणून डांबर फासलेलं, चौकटीला मुलगी झाल्याची खूण म्हणून लोकरीचा झुपका टांगलेला. मुलगी झाली होती आणि तिचा आवाज करिंथच्या बंदरापर्यंत पोचावा असा होता. दारात कमरेवर हात देऊन सासू उभी राहिली. मिर्तो तिचं नाव.

“तिथेच थांबा! सोयर आहे. पुढे याल तर तुम्हालाच विटाळ, मग मला बोलू नका.”

“थांबलो, आजी,” ओनेटॉर हसला. “लेक खणखणीत आहे.”

“असणारच! रस्त्यात जन्मलीय मेली. त्या पुजाऱ्याने आम्हाला मांजरीसारखं हाकललं. वडाएवढ्या चिनाराखाली बाळंतपण केलं मी, डिमीटर मातेची शपथ, माझ्या या लुगड्याच्या आडोशाने! आणि आता तो जहाजवाला म्हणतो, आम्ही चांदीचा हात नेला. हात? माझ्या सुनेला धरायला मला तिसरा हात हवा होता, तो कुणी दिला नाही!”

मॉस्कस खो खो हसला. मिर्तोने त्याच्याकडे रागाने बघितलं आणि मग तीही हसली.

“तुमच्यापुढेच तो म्हातारा होता ना?” ओनेटॉरने विचारलं.

“पुढेच. पुतण्या आणि एक बंदरावरचा हमाल, दोघांनी फळी धरलेली. मला त्यांची कीव आली हो. पायऱ्यांवर फळी अशी कलली, म्हटलं आता म्हातारा घरंगळतो. पण नाही, दोन्ही हातांनी फळीच्या कडा अशा गच्च धरल्या! मरणाऱ्याला पण जीव किती प्यारा असतो बघा.”

“मग सुरूच्या झाडाखाली त्यांनी त्याला ठेवलं?”

“कुठलं काय! मी हाका मारल्या, अरे थांबा, जरा हात द्या. झाडाकडे बघितलंसुद्धा नाही. बंदराच्या रस्त्याने पळतच सुटले. माणूस मेला की माणुसकी मरते, म्हणून सोडून दिलं.” तिने आवाज खाली आणला. “तो सिमॉस सुटेल का हो? माझ्या सुनेच्या पायाला सूज होती, म्हणून आम्ही तिथे गेलो. त्याने रोज तिचे पाय चेपले. स्वतःच्या लेकीचे चेपावेत तसे. पोरीचं नाव ठेवायच्या दिवशी त्याला बोलवायचं ठरवलंय आम्ही.”

“बोलवा,” ओनेटॉर म्हणाला. “येईल तो.”

गल्लीच्या वळणावर त्याने मॉस्कसला थांबवलं.

“बंदरावर जा. लेखाइऑनला. ल्यूकॉन कुठे राहतो ते विचारून काढ आणि त्याच्या घरात जा.” मग त्याने मॉस्कसच्या कानात काहीतरी सांगितलं.

मॉस्कसचं तोंड उघडं राहिलं. “आणि तो नाही आला तर? खांद्यावर टाकून आणू?”

“बोटसुद्धा लावायचं नाही. ओढून आणलास, तर उद्या थ्रासॉनच म्हणेल, मल्लाने दम देऊन वदवलं. तू फक्त ते एक वाक्य सांग आणि दारात बस. त्याला यायचं असेल तर तो येईल.”

“आणि नसेल तर?”

“तर मी एक उत्तम भाषण लिहीन,” ओनेटॉर म्हणाला, “आणि सिमॉस ते पाठ करून मरेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पुजारीबुवांनी सगळ्यांना देवळाच्या दाराबाहेर जमवलं. आत का नको, असं थ्रासॉनने विचारलं. “माझा मित्र आत येऊ शकत नाही म्हणून,” एवढंच ओनेटॉर म्हणाला. सभेचे दोन वडीलधारे आले होते. हात बांधलेला सिमॉस होता. रखवालदारांनी ल्यूकॉनला आखाड्याजवळच्या खानावळीतून आणलं होतं, डोक्यावर कालचाच मुकुट. मिर्तो सोयरामुळे रस्त्याच्या पार पलीकडे उभी होती, पण तिचा आवाज अलीकडेच होता.

मॉस्कसचा पत्ता नव्हता. ओनेटॉरने बंदराच्या रस्त्याकडे एकदा बघितलं आणि बोलायला सुरुवात केली.

“या प्रकरणात सिमॉसने एकच गोष्ट सांगितली, जी त्याच्याच मुळावर येत होती. हात सकाळपर्यंत जागेवर होता. चोर असता तर रात्रीवर ढकलून मोकळा झाला असता. तसं बोल म्हणून त्याला लोकांनी पढवलंही. तरी तो बोलला नाही. स्वतःच्या गळ्याला फास लावणारं खोटं कुणी बोलत नाही. तेव्हा ते खरं.”

“बरं, मग?” थ्रासॉन म्हणाला.

“मग हात सकाळीच गेला. सिमॉस दार टाकून पुजारीबुवांकडे धावला, तेवढ्याच वेळात. त्याला धावायला कुणी लावलं, ते बाजूला ठेवू. त्यानंतर लगेच दारं बंद झाली आणि झडती झाली. आत काही सापडलं नाही. म्हणजे तो बाहेर गेला. आणि झडतीविना दोनच माणसं बाहेर गेली. एक जन्म देणारी, एक मरणारा.”

“मी म्हणालो नव्हतो? ती बाई!”

“तिच्या पोटात काय होतं ते आख्ख्या गल्लीला रात्रभर ऐकू येतंय.” माणसं हसली. रस्त्यापलीकडून मिर्तो ओरडली, “ऐक, जहाजवाल्या!”

“राहिला म्हातारा. आदल्या संध्याकाळी दोन वाट्या कालवण ओरपून मिठावरून भांडणारा. सकाळी तो मरणपंथाला लागला. लागू शकतो. पण पायऱ्यांवर फळी कलली तेव्हा त्याने दोन्ही हातांनी कडा गच्च धरल्या. आणि सुरूच्या झाडाखाली मेला म्हणे, पण त्या झाडाखाली त्याला कुणी ठेवलंच नाही.”

“ती म्हातारी खोटं बोलते!” ल्यूकॉन म्हणाला. “काका माझ्या मांडीवर गेले.”

“तुझ्या मांडीवर. तूच त्यांचे डोळे मिटलेस?”

“या हातांनी.”

“मग आता मला माझ्या मित्राबद्दल सांगू दे.” ओनेटॉर पुन्हा रस्त्याकडे बघून वळला. “मॉस्कस विसराळू आहे. स्वतःच्या वहाणा कुठे काढल्या ते त्याला आठवत नाही. पण काल तो या बाकावर बसून राहिला, कारण त्याने आपल्या वस्तादांच्या प्रेताला हात लावला होता. ज्या माणसाने त्याचा जीव वाचवला, त्याला सोडवायला आला होता, तरी उंबरा ओलांडला नाही. आणि तू, ल्यूकॉन? ज्या हातांनी सख्ख्या काकाचे डोळे मिटलेस, तीच बोटं माझ्यादेखत या पात्रात बुडवलीस. डोक्यावर मुकुट घालून आत गेलास, कोंबडा वाहिलास.”

पुजारीबुवांनी दचकून पात्राकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरले. गर्दीतून एक कुजबुज गेली.

“दोनातलं एक सांग,” ओनेटॉर म्हणाला. “एक तर तू सुतकात देवाच्या उंबऱ्यात शिरलास आणि हे सारं आवार बाटवलंस. नाहीतर तुला सुतकच नव्हतं, कारण तुझा काका जिवंत आहे.”

ल्यूकॉनने डोक्यावरच्या मुकुटाला हात लावला. “मी... दुःखात विसरलो.”

“सुतक कुणी विसरत नाही. विसरलं जातं ते सोंग. माणसांशी खोटं बोलणं तुला जमलं, पण देवाच्या दाराशी आल्यावर तुझं अंग आपोआप खरं वागलं. बोटं बुडवताना तुला भीती वाटली नाही, कारण भिण्यासारखं काही घडलंच नव्हतं.”

“पण चोरी करून हा परत आला कशाला?” एका वडीलधाऱ्याने विचारलं.

“खाई त्याला खवखवे. देवाच्या घरात हात घातला होता. कोंबडा देऊन देवाची समजूत काढायला आला.”

“हे सगळं बोलणं झालं,” दुसरे वडीलधारे म्हणाले. “म्हातारा कुठे आहे? हात कुठे आहे?”

ओनेटॉरने मागे वळून रस्त्याकडे नजर टाकली. रस्ता रिकामाच होता. ल्यूकॉनला जरा धीर आला. त्याने मान वर केली, आणि त्याची नजर ओनेटॉरच्या खांद्यावरून रस्त्याकडे गेली आणि तिथेच थिजली.

बंदराच्या रस्त्याने मॉस्कस येत होता. त्याचे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले होते, म्हणजे त्यानेच घट्ट पकडून ठेवले होते, चुकून मदत होऊ नये म्हणून. त्याच्यापुढे काठी टेकत, थांबत, खोकत एक म्हातारा चालत होता. त्याच्या काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

म्हातारा पिथिऑन सरळ सिमॉससमोर येऊन उभा राहिला.

“तुला धरलंय, हे मला ठाऊक नव्हतं रे,” तो म्हणाला. “मी मेलेला. मेलेल्याला कोण सांगणार? हा पैलवान आला आणि म्हणाला, ‘ज्याने तुला भरवलं तो तुझ्या जागी मरतोय.’ एवढंच म्हणाला आणि दारात बसला.”

त्याने फडकं सोडलं. उन्हात चांदीचा हात चमकला.

“ल्यूकॉन म्हणाला, ‘बरा झालास तर देवाला काहीतरी द्यावं लागेल, आणि आपल्याकडे काय आहे? मरायचं सोंग घे, ते स्वतःच बाहेर काढतील.’ मी लाजेने घेतलं सोंग. मग फळीवर बरगडीला काहीतरी गार लागलं. घरी जाऊन बघितलं आणि माझं तोंडच शिवलं गेलं. पुतण्या आहे, दुसरं कुणी नाही मला. पण तुझ्या हातचं खाल्लंय मी, सिमॉस. ते अन्न अंगात असताना गप्प कसा बसू?”

सिमॉस त्याच्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“तू चालत आलास?” तो म्हणाला. “बंदरापासून? चढ चढून?”

“आलो की.”

“बरा झालास रे तू! मी म्हणतच होतो!”

त्याच गोंधळात ल्यूकॉनने उडी मारली. रखवालदार धावेपर्यंत तो उंबरा ओलांडून आत पोचला आणि त्याने वेदीला मिठी मारली. वेदीला धरलेल्या माणसाला ओढायचं नाही, मग तो कुणीही असो. रखवालदार उंबऱ्याशी थबकले. पुढे चांदीचा हात जागेवर आला म्हणून, आणि म्हातारा पुतण्यासाठी गयावया करत रोज सभेच्या पायऱ्यांवर बसून राहिला म्हणून, वडीलधाऱ्यांनी ल्यूकॉनला जिवे न मारता हद्दपार केलं. पण तोवर तो वेदीलाच चिकटून होता. आणि त्याला पाणी आणि मसुराचं कालवण नेऊन देत होता सिमॉस.

“याला वेडाच म्हणायचं,” मॉस्कस म्हणाला.

“मीठ बरोबर आहे का विचार त्याला,” ओनेटॉर म्हणाला.

त्या सकाळी सिमॉसचे हात सोडल्यावर सगळ्यात शेवटी थ्रासॉन पुढे आला. त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं, हे त्याच्या छातीवरून दिसत होतं. पण त्याने आपला उजवा हात पुढे केला, स्वतःच बोटांकडे जरा बघितलं आणि मग सिमॉसचा हात त्यात धरला. बराच वेळ धरून ठेवला.

मॉस्कसचं सुतक फिटलं त्या दिवशी दोघं देवळात गेले. मॉस्कसने पात्रात बोटं नव्हे, दोन्ही पंजे बुडवले. काखेत अंजिरांची टोपली होती. अर्धी देवाची, अर्धी ओनेटॉरची, आणि त्यातली निम्मी त्याने वाटेतच खाल्ली होती.

सिमॉस शिडीवर चढून भिंतीला काहीतरी टांगत होता. चांदीच्या हाताच्या बरोबर शेजारी. कुंभारवाड्यातला मातीचा कान होता, लाल रंगवलेला.

“तुझे कान तर चांगले शाबूत आहेत,” ओनेटॉर खालून म्हणाला. “खाली पडलेली टाचणीसुद्धा ऐकतोस तू. हा कुणाचा?”

सिमॉसने दोरी घट्ट बांधली, कान सरळ केला आणि मागे होऊन तो नीट बसलाय का ते बघितलं.

“गावाचा, मालक,” तो म्हणाला. “आता ऐकू यायला लागलंय त्याला.”